दोघांनी निवडलेल्या रेघा

आमचे हे जिना चढताना पायांचा आवाज करत नाहीत. दार लावायचं तर मूठ फिरवून धरतात, दार चौकटीला टेकवतात आणि मग मूठ हळूच सोडतात. शिंक आली की रुमालात गाडून टाकतात. पाहुण्यांना वाटतं, केवढा शांत आणि सभ्य माणूस! सभ्यपणा कसला, हा धंद्याचा रोग आहे. आमच्या यंत्राच्या खोलीत कुणी कपाट धाडकन लावलं तर पडद्यावरची रेघ थरथरते आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाते. उमेदीची सगळी वर्षं ज्यानं त्या खोलीत काढली, तो घरी येऊन भांडी कशी आपटणार? आमच्याकडे भांडी आपटायचं खातं माझ्याकडे आहे.

मी त्याच प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे ह्यांना सगळे काका म्हणतात आणि ओघानंच मला काकू. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, वयानं जवळपास आमच्याच बरोबरीचे, पण तेही काकाच म्हणतात. यंत्रांची देखभाल माझ्याकडे असते, आणि यंत्रं कायमची असल्यामुळे माझी नोकरीही कायमची आहे. ह्यांची नोकरी कराराची. दर वर्षी करार संपायला आला की ह्यांची भूक मरते, करार वाढला की आठवडाभर बरं जेवतात, आणि मग पुन्हा आपले जिन्यावरून मुक्यानं जा-ये करत राहतात. इतक्या वर्षांत ना बढती, ना खोलीच्या दारावर नाव. मी एकदा म्हटलं, "अहो, नावाची पाटी तरी मागा." तर म्हणाले, "हो, मागतो." मागितली नाही, हे सांगायला नकोच.

काम काय करता, असं कुणी विचारलं की मी ह्यांच्याकडे बोट दाखवते. हे मग स्वतःच्या शर्टाची शिवण दाखवतात. सासूबाई लोकांचे कपडे शिवायच्या, त्यामुळे ह्यांचं बालपण दोऱ्यांच्या गुंड्यांत गेलेलं. "पेशीभोवती एक पातळ आवरण असतं," हे सांगतात. "त्या आवरणात काही प्रथिनं रोवलेली असतात. दोरा कापडातून जातो-येतो ना, तशी. आत, बाहेर, आत, बाहेर. पेशीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे त्यातली बरीचशी ठरवतात. आम्ही त्या दोऱ्याचं टोक पकडतो आणि ओढतो. एकेक टाका उसवतो. कुठल्या टाक्याला किती जोर लागला, ते मोजतो. बस्, एवढंच."

एवढंच म्हणे! अभ्रकाचा तुकडा घ्यायचा, त्याला चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा सोलायचा म्हणजे खालचा पृष्ठभाग कोरा करकरीत निघतो. त्यावर खारं पाणी, पाण्यात पेशीच्या आवरणाचे तुकडे. वरून एक टोक खाली आणायचं, डोळ्यांना न दिसणारं. ते आवरणाला टेकवायचं, क्षणभर थांबायचं आणि वर खेचायचं. टोकाला प्रथिन चिकटलं असलं तर पडद्यावर रेघ उमटते. जोर चढत जातो, टाका सुटतो, जोर एकदम पडतो, पुन्हा चढतो. करवतीच्या दातांसारखी रेघ. पण बहुतेक वेळा टोकाला काहीच चिकटत नाही. चिकटलं तर प्रथिन मधेच कुठेतरी पकडलेलं असतं, किंवा दोन-तीन एकदम आलेली असतात. शंभर वेळा खेचावं तेव्हा एखादी रेघ धड निघते. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ना, आमचा उंदीरसुद्धा रोज निघत नाही.

आणि हे रोज तिथे बसायचे. अंधाऱ्या खोलीत, पायांत मोजे, हात मांडीवर. कंटाळा आला का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा कसला, बसायचंच तर असतं." मी बघत होते ना पण. पाठ वाकत गेली, चष्मा जाड होत गेला. रविवारीसुद्धा खुर्चीत बसले की हात आपोआप मांडीवर जायचे.

आता खरी गोष्ट सांगायची तर आमच्याकडची निवडायची पद्धत सांगायला हवी. रेघा हजारोंनी जमतात. त्यातल्या कुठल्या धरायच्या आणि कुठल्या टाकायच्या, हे शेवटी माणसाच्या नजरेवर असतं. आणि नजर मोठी लबाड. जे हवं असतं तेच तिला दिसतं. म्हणून सरांनी सुरुवातीलाच नियम घालून दिला की एकाच गठ्ठ्यातून दोघांनी वेगवेगळं निवडायचं. वेगळ्या खोलीत बसून, दारं लावून, एकमेकांना काही न विचारता. दोघांनी ठेवलेली रेघ तेवढी मोजायची, एकानंही टाकली तर ती गेली. नियम उत्तम होता. फक्त ते दोघे म्हणजे कोण, असा प्रश्न आला तेव्हा बाकीच्यांना आपापली कामं होती, आणि उरलो आम्ही. नवरा-बायको नसावेत, असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. सर हसून म्हणाले, "तुमचं घरी कुठे पटतं? तुमच्याइतके स्वतंत्र निवडणारे मला मिळणार नाहीत."

पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या रेघासुद्धा जुळायच्या नाहीत. जेवायच्या सुट्टीत डबे उघडले की माझी शाळा सुरू. माझा स्वभाव तिखट आहे, मी कुठे नाही म्हणते? एक प्रकारची रेघ आमच्या पाचवीला पुजलेली होती. सुरुवातीलाच तिला एक बारीक उंचवटा असायचा आणि मग पुढचे दात. आम्ही तिला कुबडवाली म्हणायचो.

"ही का ठेवलीत?" मी विचारायची.

"पुढचे दात सगळे जागच्या जागी आहेत गं. लांबीही बरोबर आहे."

"आणि ते कुबड? ते काय शोभेला आलंय? टोकाला दोन चिकटलीत, सरळ दिसतंय. अहो, डोळे आहेत की बटणं?"

हे डब्याचं झाकण लावायचे. झाकणाचाही आवाज यायचा नाही.

मग हळूहळू आमचं जुळायला लागलं. निम्म्याचं पाऊण झालं, पाऊणचं जवळजवळ सगळंच. कुबडवाल्या रेघा दोघांच्याही कचऱ्याच्या टोपलीत जायला लागल्या. सर खूश. बाहेरून कुणी आलं की आम्हाला नमुना म्हणून दाखवायचे. मीही फुशारले. घरात पडद्याच्या रंगापासून लेकीच्या शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मला एकटीलाच बोलायला लागायचं, हे आपले "हो, तसंच करू" म्हणून मोकळे. लेक म्हणायची, "आई, बाबांचा आवाज खराब झालाय की काय, तपासून तरी आण." पण कामात आमचं खरं एकमत आहे, दोन वेगळी डोकी एकाच ठिकाणी पोचतात, याचा मला अभिमान होता. लग्नात दुसरं काही मिळालं नसलं तरी हे मिळालं, असं मी मनाशी म्हणायची.

एकाच प्रथिनावर ह्यांनी इतकी वर्षं घालवली आणि शेवटी निष्कर्ष निघाला, तो असा की त्या प्रथिनाचा पहिला टाका नेहमी सैल असतो. थोड्या जोरानं सुटतो, आणि म्हणूनच ते प्रथिन चटकन उघडतं. सरांनी लेख लिहायला सांगितला आणि पहिलं नाव ह्यांचं घातलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच सुमाराला वरून निरोप आला की यंदा करार असेच वाढणार नाहीत. लेख स्वीकारला गेला तर काका राहतील, नाहीतर नाही. सरांनी आम्हाला समोर बसवून हे सांगितलं, बिचाऱ्यांना सांगताना त्रास झाला. ह्यांच्या वयाला आता दुसरीकडे कोण उभं करणार? हा माणूस दुसरं काय करणार? सुटलेला टाका मोजण्यापलीकडे ह्यांना काही येत नाही. भाजी आणायला पाठवलं तर समोर येईल ती घेऊन येतात.

लेख शास्त्रीय नियतकालिकाकडे गेला. परीक्षकाचं उत्तर आलं. तो परीक्षक कोण, कुठला, आम्हाला कधीच कळत नाही, पण असतो मोठा चिकित्सक. म्हणाला, लेख चांगला आहे, मात्र निवड करणारे तेच दोघे वर्षानुवर्षं आहेत. थोड्या रेघा तिसऱ्याकडून निवडून घ्या, ज्याचा या दोघांशी संबंध नाही अशाकडून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या नजरेवर शंका? पण दगडाखाली हात सापडलेला, करता काय. खालच्या मजल्यावर एक बाई आहे, स्नायूंमधली प्रथिनं प्रकाशाच्या चिमट्यात धरून ओढते. तिच्याकडे गठ्ठा दिला. ती चार दिवसांनी वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाकी सगळं जुळतंय. पण त्या सुरुवातीला उंचवटा असलेल्या रेघा तुम्ही का टाकल्यात?"

"दोन प्रथिनं एकदम आली आहेत त्यात," मी म्हटलं.

"दोन असती तर पुढचे दातही बिघडले असते. ते तर अगदी नीट आहेत. आणि उंचवटा दर वेळी त्याच जागी येतोय, म्हणजे तिथे जास्त जोर लागतोय. मला वाटतं, तुमचा पहिला टाका कधी कधी घट्ट असतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीकडे पाहत होते.

त्या रेघा धरल्या तर आमचा निष्कर्षच राहत नव्हता. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होत्या त्या. पण सर काही डगमगले नाहीत. म्हणाले, "मत आहे तिचं, नोंदवू. पण दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, वर्षानुवर्षं या रेघा टाकल्या आहेत. दोघांच्या स्वतंत्र निर्णयापुढे एकीचं मत. असं उत्तर लिहितो आणि पाठवतो. परीक्षकाला पटेल." मला हायसं वाटलं. सर खोटं काहीच सांगत नव्हते. मी घरी येताना ह्यांच्यासाठी नवीन मोजे घेतले.

संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि हे पुसत होते. त्या बाईवर माझं तोंड सुटलेलं. हिला काय कळतं, स्नायू वेगळे आणि आवरण वेगळं, आम्ही दोघं काय आंधळे होतो का, एक चुकेल, दोघं कसे चुकतील!

"दोघं नव्हतो," हे म्हणाले.

मला वाटलं, ह्यांचं लक्ष नाही. "काय?"

"दोघं नव्हतो गं. तू एकटीच होतीस." ह्यांनी ताटली खाली ठेवली, आवाज न करता. "मी पहिल्या वर्षी ठेवत होतो त्या रेघा. मग रोज जेवताना तेच. मला ते नको व्हायचं. म्हणून गठ्ठा समोर आला की आधी रेघ बघायची, आणि मग तू ती कशी बघशील ते बघायचं. म्हणजे दोन माणसांचं काम. त्यानं फार दमायला व्हायचं. पुढे पुढे पहिलं काम सोडूनच दिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रेघ बघतच नव्हतो. तू काय म्हणशील तेवढंच बघत होतो. ते मला न चुकता येतं."

नळ चालूच होता. माझ्या हाताला साबण होता. मला आधी राग आला, नेहमीसारखा. मग त्या रागाच्या खालून भीती आली. हा माणूस काय बोलतोय हे मला कळलं, आणि पुढे काय करणार हेही कळलं.

"हे सरांना सांगायचं नाही," मी म्हटलं.

"सांगायला हवं. सर दोघांचा निर्णय म्हणून लिहिणार आहेत."

"आत्ता? आत्ताच कंठ फुटला तुम्हाला? मूग गिळून आख्खा जन्म काढलात, आणखी थोडे दिवस गिळा! करार होऊ दे, मग काय हवं ते सांगा. माझ्यावर ढकला. म्हणा, बायको कजाग आहे."

"तुझ्यावर ढकलत नाही मी."

"मग का? कुणाचं भलं होणार आहे? नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय." हे खुर्चीत बसले, हात मांडीवर. "मी थकलोय गं. मला आता नाही जमत."

मी पुढे बोलत राहिले. लेकीचं काढलं, म्हातारपणाचं काढलं, सासूबाईंनी डोळे फोडून ह्यांना शिकवलं तेही काढलं. पालथ्या घड्यावर पाणी. हे "हो" म्हणत नव्हते आणि "नाही"ही म्हणत नव्हते. ह्यांच्या होकाराशिवायच्या गप्प बसण्याशी माझी ओळखच नव्हती.

सकाळी आम्ही दोघं सरांच्या खोलीत गेलो. मी न बोलावताच गेले, ह्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून. हे उभ्यानंच बोलले. जे घरात सांगितलं तेच, त्याच शब्दांत. माझ्या तिखटपणाबद्दल अवाक्षर नाही. फक्त "मला हिचा कल ओळखायची सवय लागली होती," एवढंच.

सरांनी ऐकून घेतलं. मग उठले, दार लावून आले. "काका, तुम्ही दमला आहात," ते म्हणाले. "लेख निघायच्या वेळी सगळ्यांचं असं होतं. आपण काही पाहिलंच नाही, सगळं चुकलं, असं वाटायला लागतं. मलाही झालंय. इतक्या वर्षांच्या रेघा तुम्ही न बघता टाकल्यात, हे मी मानणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही सांगा. निवड तुम्ही दोघांनी केली. ह्यांनी स्वतःच्या नजरेनं निवडलं की नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुम्ही म्हणालात की ह्यांनी स्वतःच निवडलं, तर हा विषय इथेच संपला. मी उत्तर पाठवतो."

सर चांगले आहेत. ते ह्यांना वाचवत होते, आणि दोरी माझ्या हातात देत होते. एवढंच म्हणायचं होतं, "सर, ह्यांचं काय मनावर घेता." हे वाक्य मला पाठ आहे. घरमालकाला म्हटलंय, नणंदेला म्हटलंय, लेकीच्या शाळेत बाईंना म्हटलंय. ह्यांच्या अंगावर कोट कुठला चांगला दिसतो, यावर दुकानदारालासुद्धा म्हटलंय. प्रत्येक वेळी ह्यांच्या भल्यासाठीच. आणि आत्ता तर ह्यांची नोकरी, ह्यांची खोली, पहिलं नाव, सगळं त्या एका वाक्यावर होतं. मला ते सगळं ह्यांच्यासाठी हवं होतं. फार हवं होतं.

हे माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते. मी काय म्हणणार हे ह्यांना माहीत होतं, न चुकता. ह्यांनी मान खालीसुद्धा घातली होती, माझं वाक्य यायच्या आधीच.

"हे म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हटलं.

सरांना ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. "काय म्हणालात?"

मला हे वाक्य बोलायची सवय नाही, दुसऱ्यांदा म्हणताना अडखळले. "हे म्हणतात ते बरोबर आहे, सर. निवड माझी एकटीची होती."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ डोळे चोळत राहिले. "मग लेख परत घ्यावा लागेल," ते म्हणाले. "सगळं पुन्हा निवडायचं, दुसऱ्या माणसांकडून. वर्ष जाईल. करार..."

"माहीत आहे," हे म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. ह्यांनी सवयीनं मूठ फिरवून दार लावलं आणि तिथेच थांबले. चेहऱ्यावर ना आनंद ना दुःख, नुसता शीण. माझ्या मनात आलं, जन्मात पहिल्यांदा मी ह्यांच्या होला हो मिळवला आणि त्यात ह्यांची नोकरी गेली. मला रडू येत होतं, पण मी ते दाबलं.

"एक विचारू?" हे म्हणाले.

"विचारा."

"आत म्हणालीस ते तुला पटलं होतं, की मला तेच ऐकायचं आहे हे तू ओळखलंस?"

मी तोंड उघडलं. काय म्हटलं म्हणजे ह्यांना बरं वाटेल, तेच मी शोधत होते.